कावेरीचा कुकारो

टेंबवाडी, वेंगुर्ले
४ एप्रिल

सौ. कावेरी,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची आपल्याकडे रीत आहे. या खेपेस तो लिहीत नाही. ज्या तोऱ्यात तू पुण्याला लेकीकडे जाऊन बसली आहेस, त्या तोऱ्याला माझ्या आशीर्वादाची गरज दिसत नाही. घोट्याचं प्लास्टर निघालं, तू चारुताच्या सोसायटीत फेऱ्या मारायला लागलीस, आणि 'मी काय आता थय परत जावचंय नाय' असं म्हणतेस, हे सगळं मला काशीबाईकडून कळतं. शेजारणीला बातम्या आणि नवऱ्याला उपास, असा तुझा न्याय.

तर ऐक. मी विजयदुर्गला निघालो आहे. तुझ्या माहेरी, तुझ्या भावाकडे, एकटा. "तुमी आता वेंगुर्ल्याची शीव ओलांडूचे नाय, माका म्हायत आसा," असं तू पडलीस त्या सकाळी भांडताना म्हणाली होतीस ना? जत्रेला चला, नाहीतर उन्हाळ्यात तरी चला, म्हणून तू किती वर्षं मागे लागली होतीस आणि मी नाही म्हणत होतो, हे खरं. का नाही म्हणत होतो ते माझं मला ठाऊक. स्टेशनांवर हल्ली काय पुकारतात ते कुणाला समजत नाही. कंडक्टर तोंडातल्या तोंडात बोलतात. पण आता जाणार म्हणजे जाणार. सातवीत मास्तरांनी स्वतः रचलेली कविता आम्हा पोरांना उभं करून चालीवर म्हणायला लावली होती:

ऊठ गलबता, सोड किनारा, वारा शिडात भरला रे
निघायचे ना धाडस ज्याला, तो बंदरीच हरला रे

मास्तर दुसऱ्या ओळीला टेबलावर थाप मारायचे आणि शाईची दौत उडायची. मी हरणाऱ्यांतला नाही, हे तुला दाखवायचं आहे.

प्रवासाला मला सोबत लागते ती आवाजाची. तू म्हणाली होतीस, "घरात तो डबो तरी ऱ्हवात, नायतर मी." तू गेलीस, डबा राहिला. चारुतानेच दिलेला तो काळा स्पीकर पडवीतल्या फडताळावर आहे तिथेच आहे आणि आम्हा वर्गमित्रांनी म्हणून भरून घेतलेल्या शाळेच्या कविता म्हणतो आहे. पण त्याचं चार्जिंग आता टिकत नाही. म्हणून मी नवा घेणार, प्रवासाला नेण्याजोगा, याहून दांडगा. कळू दे तुलाही.

त्या दिवसाबद्दल एकदाच लिहितो आणि विषय मिटवतो. तू खाली बागेत काजूच्या बिया वेचत होतीस. घसरून पडलीस, कुकारो घातलास, आणि मी पडवीत बसलेला असून आलो नाही. शेवटी काशीबाई धावली. कावेरी, डबा मोठ्याने लावला होता, त्यात तुझा कुकारो बुडाला. बस्स. लग्न होऊन आलीस तेव्हा सासऱ्यांसमोर नवऱ्याला नावाने हाक मारता येईना, म्हणून तू बागेतून कूऽऽ करायचीस आणि मी पडवीतून कूऽऽ करून ओ द्यायचो. सगळी वाडी हसायची. इतक्या वर्षांत एकदा ओ चुकली, तर एवढा राग?

उत्तर लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर तुझे शब्द चुरगळून येतात, कंपनीला कळवायला हवं.

इकडे सगळं उत्तम आहे. कुकरची शिट्टी बिघडली आहे, दोनदा नवी आणली तरी वाजत नाही आणि भात करपतो. यंदा रातकिडेही कमी झालेत. हवामान बदललं आहे, दुसरं काय.

न वाकणारा,
विश्वेश


टेंबवाडी
११ एप्रिल

कावेरी,

काल बाजारात सर्वेशच्या दुकानात जाऊन आलो. त्याचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा ते आठवतं? भिंतभर घड्याळं आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नसे. आता त्याच भिंतीवर स्पीकर मांडलेत.

त्याने तीन काढले. एक चिऱ्याच्या तुकड्यासारखा दणकट, खांद्याला अडकवायला पट्टा असलेला. दुसरा पाण्याच्या बाटलीसारखा, पिशवीच्या बाजूच्या खिशात बसणारा. तिसरा करवंटीएवढा, त्याला आकडा, कुठेही लटकवावा. "काका, ह्यो पाण्यात बुडवलास तरी वाजता," म्हणत त्याने करवंटीवाला खरोखरच बादलीत टाकला. बुडबुडत गात राहिला बिचारा. "दर्याच्या पाण्यात पडलो तर मात्र घराकडे येवन गोड्या पाण्यान धुवचो. मीठ कोणाकच सोडना नाय."

मला वस्तू आवडली. मास्तर म्हणायचे, कविता अशी म्हणा की गलबतावरच्या खलाशाला ऐकू गेली पाहिजे. पण आवाज! "वाढव," म्हटलं.

"वाढवलंय."

"आणखी वाढव."

"काका, फुल्ल आसा हो!"

"मग बिघडलेला माल दाखवतोस होय रे मला?"

समोरची भाजीवाली दोन्ही कानांवर हात ठेवून उभी राहिली. "ओ भाऊ, जत्रा भरली काय हय?" माणसांना कवितेची सवयच राहिली नाही, त्याला कोण काय करणार.

आता तुझ्या निरोपाचं. लिही म्हटलं, तर तू चारुताच्या फोनवरून बोलून पाठवलंस. माझा मोबाइल जुना. घरी तीन वेळा लावला, नुसती भुणभुण. म्हटलं, अनायासे परीक्षा होईल. सर्वेशला सांगितलं, काकीचा निरोप या मोठ्यावर लाव, ज्यात काकी चांगली वाजेल तो घेणार. त्याने लावला. तुझा आवाज रस्ता ओलांडून पलीकडे गेला, कावेरी! गडगडलीस नुसती.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. भाजीवालीने कानांवरचे हात काढले. काशीबाई तिथेच मिरच्या घेत होती, तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सर्वेशने निरोप संपायच्या आत बंद केला. "काका," म्हणाला, "ह्या घराकडे बसान आयकाचा व्हता."

मी म्हटलं, "ऐकू देत लोकांना. मी काय लपवतोय?"

तुझ्या आवाजाचा दरारा अजून आहे, हे पाहून बरं वाटलं. तुझं म्हणणं मला कळलं. 'डबो' हा शब्द दोनदा आला, म्हणजे विषय तोच. तर उत्तरही तेच: डबा राहणार.

स्पीकर मात्र मी घेतला नाही. सर्वेशच म्हणाला की रेल्वेत मोठ्याने लावला तर लोक भांडतात, कधी उतरवूनही देतात. "काका, तुमच्या कविता तुमका गोड, दुसऱ्याक नाय." स्पष्ट बोलतो पोरगा. मला उतरवणारा अजून जन्माला यायचा आहे, पण उगाच वाद नको. प्रवासाला कानात किंवा कानावर घालायचं काहीतरी बघतो.

काशीबाई परतताना रिक्षात माझ्याकडे एकटक बघत होती. काही विचारलं तर मान हलवायची.

विश्वेश


टेंबवाडी
१८ एप्रिल

कावेरी,

चारुताचं पार्सल मिळालं. तू सांगून पाठवायला लावलंस की तिने आपणहून पाठवलं, कळायला मार्ग नाही. छोट्या डबीत दोन पांढरे दाणे. कानात घालायचे, वायर नाही, काही नाही. डबी म्हणजेच त्यांचा चार्जर. हुबेहूब ओले काजूगर.

हुबेहूब म्हणजे किती, ते ऐक. काशीबाई आपल्या पडवीत ओले काजू सोलत बसली होती. मी दाणे कानात घालून मान हलवली. डावा टिकला, उजवा उडाला. दोघांनी पडवी धुंडाळली. शेवटी तिने परातीतले गर उलटेपालटे केले आणि त्यातून एक उचलून खिडकीशी धरला. "ह्यो चमकता. काजी चमकत नायत." नाहीतर संध्याकाळच्या आमटीत शिजला असता आणि सत्तरी उलटलेल्या माणसाच्या पोटातून कविता वाजली असती.

मला हे दाणे पटले नाहीत. चालताना पडतात. कान खाजवला की गाणं थांबतं, पुन्हा खाजवलं की भलतंच सुरू होतं. गाडीच्या दारात उभं राहिलो आणि रुळावर पडला, तर उरलेल्या एकाचं काय करायचं?

काशीबाई निघताना पायरीवर थबकली. तिला काही सांगायचं होतं. "भाऊनू, रागावू नकात. एकदा कान दाखवून घेवा."

मी म्हटलं, "कान दाखवायला मी काय बाजारातला बैल आहे?"

"बैलाचे दात बगतत," म्हणाली आणि गेली. पुढे काही बोलली असेल तर ते मला कळलं नाही, ती पाठमोरी होती.

पण एक वस्तू सापडली आहे, आणि ती मी घेणार आहे. सर्वेशकडे कानांवर बसणारे मोठे हेडफोन आलेत. गादीदार, कानाची पाळीसुद्धा आत जाते. त्यात एक कळ आहे, बाहेरचा गोंगाट मारून टाकते. दुकानाबाहेर रिक्षा उभ्या होत्या, पंखा खडखडत होता, कळ दाबली आणि सगळं गेलं. आणि मग कविता लावली. कावेरी, 'सोड किनारा' यातला 'स' मला ऐकू आला! मास्तर तो 'स' शिडातून वारा सुटावा तसा सोडायचे. किती दिवसांनी ऐकला म्हणून सांगू. कदाचित रेकॉर्डिंग सुधारलं असेल.

सर्वेशने चार दिवस वापरून बघायला दिलेत. तुझा निरोप त्याच्यावर पुन्हा ऐकावा असं मनात आलं होतं. नाही ऐकला. मला एकदा सांगितलेलं कळतं.

बुधवारी सकाळच्या पॅसेंजरने कुडाळहून निघतो. जयरामला मोबाइलवरून लिहून कळवलं आहे, तो वैभववाडीला गाडी घेऊन येईल, तिथून विजयदुर्ग. म्हणजे मेव्हणा साक्षीदार राहील की मी शीव ओलांडली.

सर्वेश म्हणाला, "काका, टेशन जवळ इला की काना वरसून काडा हा." मी म्हटलं, रेल्वे आली तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. मला शिकवू नकोस.

विश्वेश


राजापूर रोड स्टेशन, फलाटावरचा बाक
२२ एप्रिल

कावेरी,

वरचा पत्ता वाचून हसायचं असेल तर हसून घे. वैभववाडी मागे राहिली. जयराम तिथे उभा आहे, किंवा होता. त्याने तुला फोन केलाच असेल.

घडलं ते असं. कणकवलीपर्यंत सगळं छान होतं. गोंगाट मेला होता, शीड भरलं होतं, एकामागून एक कविता येत होत्या. मी डोळे मिटले. समोर बसलेल्या एका गृहस्थाने माझा गुडघा हलवला, त्याला जागा हवी असेल असं वाटून मी सरकलो. मग गाडी सुटली. डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर अनोळखी डोंगर.

कणकवलीला चढलेली एक मुलगी, संचिता नाव तिचं, मामाकडे निघालेली, तिने मला हाताला धरून इथे उतरवलं. हेडफोन गळ्यात उतरवून मी तिला म्हटलं, ही वैभववाडी का? ती काहीतरी बोलली. मी 'काय?' म्हटलं. ती पुन्हा बोलली. मी पुन्हा 'काय?' म्हटलं. तेव्हा तिने हेडफोन माझ्या कानांवर परत चढवले आणि उजव्या बाजूची तीच कळ दाबून धरली.

"आजोबा, आता बघा. अशी धरली की बाहेरचं आत येतं. घोषणा ऐकायला असते ही."

आणि आलं, कावेरी. सगळं आलं.

माझ्या चपलांखाली खडी चुरचुरली. नळ ठिबकत होता, त्याचा एकेक थेंब वेगळा. संचिताच्या हातातली काचेची बांगडी. पलीकडच्या झाडात कुठला तरी टीचभर पक्षी टिवटिवत होता आणि थांबतच नव्हता. मी म्हटलं, "काय गं हे?" आणि दचकलो. कुणीतरी माझ्या कानापाशी ओरडलं होतं. तो मीच होतो.

"मी एवढ्या मोठ्याने बोलतो?"

"मघापासून," ती हसत म्हणाली. "आणि गाडीत त्याहून मोठ्याने कविता म्हणत होतात. समोरचे काका तुम्हाला सांगत होते की वैभववाडी आली, तुम्ही हात झटकलात आणि वरची पट्टी घेतलीत. सगळा डबा ऐकत होता. मला आवडली ती गलबताची."

मामा आला, ती गेली. हेडफोन मी काढले नाहीत. असाच बसलो होतो, आणि स्टेशनामागच्या डोंगरातून कुणा बाईने कुकारो घातला. कूऽऽ. बारीक, लांब, शेवटी वर उचललेला. तुझा असतो तसाच. मग खालून कुठून तरी ओ आली. तिने पुन्हा घातला, पुन्हा ओ आली. त्यांचं काय काम होतं कोण जाणे. मी हेडफोन काढून बघितले. डोंगर गप्प. घातले, कूऽऽ. काढले, गप्प.

मग मी मोबाइल काढला आणि तुझा निरोप लावला. या खेपेस प्रत्येक अक्षर कळलं. ते इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मी ऐकलं याबद्दल तुला शंका नको:

"त्या दिवशी तुमचो डबो वाजत नाय होतो. मी काजीखाली पडान आयकत होतंय. डबो लावल्यार थयसर आयकाक येता, माका म्हायत नाय? सकाळी माझ्याशी भांडलास, म्हणान तुमी कुकारो आयकान बसान ऱ्हवलास. आणि वर डब्याचा नाव सांगतास. ह्या कबूल करा, मगे मी येवचा काय ता बगतंय."

हे तू बोललीस आणि मी ते अख्ख्या बाजाराला ऐकवलं. मलाच सोडून.

आता माझं उत्तर. कबूल करणार नाही. तू जन्मभर पुण्याला राहिलीस तरी नाही, कारण तसं झालेलंच नाही. डबा बंद होता, चार्जिंग संपलं होतं, एवढं तुझं बरोबर. मी पडवीत सुपारी कातरत बसलो होतो. सगळं शांत होतं आणि त्या शांततेत तुझा कुकारो आला नाही. एकदाही नाही. काशीबाई कुंपणावरून उडी मारून धावली तेव्हा मी तिला विचारलं, काय झालं गं? तिने माझ्याकडे जे बघितलं, ते तेव्हा मला समजलं नव्हतं.

डब्याचं खोटं मी सांगितलं. म्हातारा कवितेत बुडाला, असं म्हणवून घेणं मला चाललं असतं. म्हातारा बहिरा झाला, हे नाही. पण तुझा कुकारो ऐकून बसून राहणारा माणूस मी नाही, आणि तो आरोप मी घेणार नाही. भांडलो असलो तरी नाही. तू मला वाटेल ते म्हण, हे म्हणू नकोस.

परतीची गाडी येते आहे. रूळ वाजतायत. मला ऐकू येतायत.

विश्वेश


टेंबवाडी
५ मे

कावेरी,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या लांब पत्राला एक ओळ: 'कान दाखवा, मगे बोलू.' ही ओळ मी डब्यावर ठेवली आहे, मुद्दाम.

तुझ्या हुकमावरून नव्हे, माझ्या मनाने सावंतवाडीला जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले. आता या वस्तूत मी जाणकार, डॉक्टरीणबाईंना विचारलं, यात बाहेरचं आत येणारी कळ आहे का? त्या हसल्या. म्हणाल्या, आवाज ऐकू आला की बोट वर करा. मी शाळेतल्यासारखा बोट वर करून बसलो. बराच वेळ काहीच येईना. काचेपलीकडे त्यांचा हात मात्र सारखा बटणावर पडत होता.

निकाल असा: जाड आवाज शाबूत, बारीक गेले. ढोल, ट्रक, माझा स्वतःचा आवाज, हे सगळं शिल्लक. शिट्ट्या, रातकिडे, पाखरं, 'स', बायका, पोरं गेली. हळूहळू गेली म्हणून कळलं नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या मी उगाच फेकल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हेडफोन हा यावर इलाज नाही, प्रवासात घाला, पण रोजचं ऐकायला यंत्रच लागेल. घेतलं. कानामागे बसतं, काजूच्या बीएवढं. बाई म्हणाल्या, केस थोडे वाढवलेत तर दिसणार नाही.

मी न्हाव्याकडे गेलो आणि कानामागचे होते ते केसही काढून टाकले. दिसू दे. बाजारातून तसाच चालत आलो. भाजीवाली म्हणाली, "काय ओ भाऊ, नवीन दागिनो?" तिला म्हटलं, तू मला दर वेळी वांगी महाग लावतेस तेव्हा काय पुटपुटतेस ते आता ऐकणार आहे. सगळी रांग हसली. कान गेले, मान कुठे गेली नाही.

सर्वेशचे हेडफोनही घेतले. यंत्रावरून अलगद बसतात, कानात खुपत नाहीत. ते दाणे चारुताला परत पाठवतो आहे, तिच्या वयाच्या कानांना शोभतील.

आता शेवटचं. चौदा तारखेला मी पुन्हा निघतो आहे. तीच गाडी, तेच विजयदुर्ग. वैभववाडीला उतरणार. जयरामने लिहिलं आहे, 'भावोजी, ह्या खेपेक उतरा. मी राजापुरापर्यंत वरात काडूचंय नाय.' तुला ये असं म्हणत नाही. पुण्याहून गगनबावड्याच्या घाटाने बस वैभववाडीला येते, एवढंच कळवतो. आलीस तर समोर येऊ नकोस. मी फलाटावर गाडीकडे तोंड करून उभा राहीन. तू पाठीमागे लांब उभी राहा आणि कुकारो घाल. मी वळलो नाही, तर तू म्हणतेस ते सगळं खरं. आल्या बसने परत जा, मी अडवणार नाही.

वळलो, तर माहेरी चल. मीही येतो आहे.

विश्वेश


टेंबवाडी
२६ मे

कावेरी,

घरात असलेल्या बायकोला कोण पत्र लिहितं, असं तू म्हणशील. तू खाली बागेत उतरली आहेस, शेवटच्या बिया वेचायला. मी नको म्हटलं, घोटा अजून धरतो. तू ऐकलं नाहीस. ऐकायचं काम आता या घरात फक्त माझ्याकडे.

बोलताना मला मध्येच तोडतेस, म्हणून काही गोष्टी लिहून ठेवतो.

एक म्हणजे वैभववाडीला तू अट मोडलीस. मी फलाटावर पाठ करून उभा होतो, गाडी निघून गेली, गर्दी पांगली, तरी कुकारो नाही. मला वाटलं, आलीच नाही. किंवा आली आणि मला आलाच नाही ऐकू. मी वाकून पिशवी उचलली. आणि मग मागून, अगदी रोजच्या आवाजात, "पिशी उघडी आसा तुमची. हेडफोन पडतीत."

वळलो. तू जयरामच्या शेजारी उभी. मी म्हटलं, "कुकारो घालायचं ठरलं होतं."

"टेशनार कुकारो घालूक मी काय येडी? चार माणसा काय म्हणतीत?" आणि मग माझ्या कानामागे बघत राहिलीस. हात लावून बघितलास. "दुखता?" म्हणालीस. त्यापुढे भांडण संपलं असं तू धरून चालली आहेस. मी धरलेलं नाही. मला अजून दोन मुद्दे मांडायचे आहेत.

विजयदुर्गच्या तटावर जयरामने सर्वेशकडे होता तसलाच करवंटीवाला स्पीकर आणला होता, भाड्याचा की उसना ते विचारलं नाही. त्यावर लावलेली गलबताची कविता तू मला थांबवायला लावलीस. म्हणालीस, "तुमी म्हणा. डब्यातले नको." मी म्हटली. तेव्हा दर्या मोठा होता आणि मी त्याहून मोठा. तू कानांवर हात ठेवले नाहीस, हे मी बघून ठेवलं आहे.

तरीही स्पष्ट लिहितो, की इतकं सगळं झालं म्हणून तो काळा डबा मी घराबाहेर काढीन असं समजू नकोस. त्याला नवी बॅटरी घातली आहे. तो फडताळावर राहील, सकाळी मोठ्याने वाजेल, आणि तुझी काहीही तक्रार असली तरी मी

थांब. खालून आला.

ओ दिली. उतरतो आहे.